गर्भवतीची सोनोग्राफी : काय कळते, काय कळत नाही

गर्भवती स्त्रीच्या पोटात काय चालले आहे हे जाणून घेण्याची माणसाची उत्सुकता आजकालची नाही. आपल्या गोमंतकात वैजिणीच्या हाताला केवढा मान होता, हे जुन्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की उभे, डोके खाली आहे की ते पायाळू आहे, हे ती सांगत असे आणि पुष्कळदा ते खरेही ठरत असे. जे हाताला लागत नसे त्याची जागा माजघरातील तर्क भरून काढीत. डोहाळे आंबटाचे की गोडाचे, पोट पुढे आले आहे की पसरट आहे, यांवरून मुलगा की मुलगी याची भाकिते होत. त्या अटकळी निदान निरुपद्रवी होत्या. त्यांतील निम्म्या खऱ्याही ठरत, कारण शक्यता दोनच असल्यावर निम्म्या खऱ्या ठरावयाच्याच.

वैजीण काळाच्या पडद्याआड गेली आणि सोनोग्राफीचे यंत्र आले. गर्भवती सून किंवा लेक, सोबत सासू किंवा आई, हातातल्या पिशवीत कागदांची चळत आणि दारापाशी अवघडून उभा असलेला नवरा, हे दृश्य म्हापशापासून मडगावपर्यंत कोणत्याही केंद्रात कोणत्याही सकाळी दिसते. आत नेमके काय पाहिले जाणार आहे, याची कल्पना यांतील फार थोड्यांना असते. काहींना वाटते की यंत्राला सर्व काही कळते. काहींना वाटते की डॉक्टर सर्व काही लपवितात. या दोन समजुतींपायी चांगली शहाणीसुरती घरे हवालदिल झालेली आम्ही पाहिली आहेत. ठरावीक वेळी ठरावीक प्रश्न विचारला तर हे यंत्र फार उपयोगी उत्तर देते. वेळ चुकली की तेच उत्तर निरुपयोगी होते, आणि प्रश्नच भलता असला तर त्यातून अनर्थ ओढवतो. बाळंतपणाच्या गोष्टी वर्तमानपत्राच्या या स्तंभात कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या गोष्टीवर घराघरांतील सुखदुःख अवलंबून आहे आणि जिच्यासाठी संसदेला कायदे करावे लागले, ती या स्तंभात नाही तर कोठे यावी?

यंत्राचे तत्त्व समुद्राकाठच्या माणसाला समजणे अवघड नाही. मालीम किंवा कुटबण येथील धक्क्यावर लागलेल्या ट्रॉलरवर तांडेलाच्या पुढ्यात मासळीचा थवा दाखविणारे यंत्र असते. ते पाण्यात ध्वनिलहरी सोडते. त्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतात आणि परतण्यास किती वेळ लागला यावरून खोली ठरते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो आणि माणसाच्या शरीरातील मऊ भागांत सुमारे १५४० मीटर. शरीर हे ध्वनीच्या लेखी जवळजवळ समुद्रच आहे! म्हणून समुद्रात जे साधते ते पोटातही साधते. फरक एवढाच की येथे वापरलेला ध्वनी फार सूक्ष्म असतो. आपल्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर पोटावरून केलेल्या तपासणीत साधारणपणे २० ते ५० लाख कंपनांचा वापरतात. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. यात क्ष-किरण नसतात. 'वारंवार फोटो काढल्याने मुलाला बाधा होते' ही जी भीती पुष्कळ घरांत आहे ती क्ष-किरणांच्या अनुभवावरून आलेली आहे आणि ती येथे लागू नाही. गर्भास यामुळे इजा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि लहरींनी किंचित उष्णता निर्माण होते, म्हणून कारण असेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच वेळ यंत्र लावावे, असा वैद्यकातील संकेत आहे आणि तो योग्यच आहे.

या विद्येचा जन्मही एका बंदराच्या शहरात, जहाजे बांधणाऱ्या ग्लासगोमध्ये झाला. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते आणि रडार व सोनार यांच्याशी त्यांचा तेथे परिचय झालेला होता. बॉयलर तयार करणाऱ्या एका कारखान्यात पोलादातील अदृश्य भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरतात, हे त्यांना कळले. १९५५ च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आपल्या मोटारीच्या मागच्या भागात घालून हा गृहस्थ त्या कारखान्यात गेला. पाण्याने भरलेली गाठ आणि मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे येतात, हे तेथे दिसून आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि १९५८ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती अशा एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे या यंत्राने दाखविले आणि ती वाचली. स्त्रीचा जीव वाचविण्याच्या खटपटीतून निघालेले हे साधन आपल्या देशात पुढे कोणत्या कामाला जुंपले गेले, हे मनात आले की मान खाली जाते. त्याकडे पुढे येऊच.

आता तपासण्यांविषयी. पहिली तपासणी सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास होते. येथे आठवड्यांचा हिशेब ध्यानात घ्यावा. तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतानाच मोजले जातात. या हिशेबाने बाळंतपण २८० दिवसांनी येते. नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम नऊ महिने आणि सात दिवस मोजावयास सांगतो. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत आल्या आहेत. दोन दिवसांच्या फरकावरून कोणी भांडू नये.

या पहिल्या तपासणीत गर्भ गर्भाशयातच रुजला आहे की गर्भनलिकेत अडकला आहे, हे आधी पाहतात. नलिकेतील गर्भ वाढत राहिला तर नलिका फुटून आईच्या जीवावर बेतते. म्हणून पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूस तीव्र कळ, रक्तस्राव किंवा घेरी आली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्यानंतर हृदयाची धडधड, एक की जुळे, आणि गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. या लांबीवरून गर्भाचे वय ठरते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत केलेल्या मापात चूक पाच-सात दिवसांहून सहसा जास्त नसते. पुढे मुले आपापल्या चणीप्रमाणे वाढू लागतात. एक थोराड तर एक किरकोळ. त्यामुळे अखेरच्या महिन्यांतील मापावरून वय काढले तर दोन-तीन आठवड्यांचीही तफावत पडते. प्रत्येक तपासणीच्या कागदावर यंत्र आपल्या हिशेबाने नवी तारीख छापते आणि 'तारीख पुढे गेली', 'तारीख मागे आली' म्हणून घरात घबराट होते. तारीख पहिल्या तपासणीत ठरते. नंतरचे आकडे केवळ वाढ सांगतात. ती ठरलेली तारीख तरी काय, अंदाजच. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाच.

सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून कधी योनिमार्गातून तपासणी करावी लागते. याविषयी कोणी आधी बोलत नाही आणि खेड्यातून आलेली मुलगी टेबलावर झोपल्यावर एकाएकी गांगरते. ही तपासणी गर्भाला अपायकारक नाही. परंतु ती का करावयाची हे तिला आधी सांगितले पाहिजे, तिची संमती घेतली पाहिजे आणि तिने मागितल्यास दुसरी स्त्री तिच्याजवळ उभी राहिली पाहिजे. एवढी मर्यादा पाळण्यास पैसा लागत नाही.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान दुसरी तपासणी होते. गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली जो द्रव असतो त्याची जाडी मोजतात, नाकाचे हाड पाहतात आणि सोबत आईच्या रक्ताची तपासणी करतात. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची शक्यता यांवरून काढली जाते. 'शक्यता' हा शब्द येथे महत्त्वाचा. कागदावर शंभरात एक असा आकडा आला आणि त्यापुढे 'हाय रिस्क' असे छापलेले असले की घरात सुतक पडल्यासारखे होते. शंभरात एक म्हणजे तशा शंभर स्त्रियांपैकी नव्याण्णव जणींच्या मुलांत तो दोष नसतो! खात्री करून घेण्यासाठी गर्भजल किंवा वारेचा सूक्ष्म अंश काढून तपासता येतो. त्याआधी आईच्या रक्तातून अधिक नेमका अंदाज देणारी चाचणीही आता मिळते. त्या करावयाच्या की नाहीत, हे डॉक्टरांशी बोलून जोडप्याने ठरवावयाचे आहे. शेजारणीशी बोलून नव्हे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होणारी. हिला पुष्कळ वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास सहज. डोक्याचा घेर, मेंदूतील पोकळ्या, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडे, मूत्राशय, हातपाय असे एकेक अवयव डॉक्टर शोधून पाहतात. मूल पाठ करून बसले असेल तर चेहरा किंवा हृदय दिसत नाही. मग 'थोडे फिरून या, काही खाऊन या' असे सांगतात, कधी आठवड्याने पुन्हा बोलावतात. याचा अर्थ काही वाईट दिसले असा नसतो. आईची चण स्थूल असली किंवा पोटावर आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असला तरी चित्र अंधुक येते.

हीच तपासणी सर्वाधिक चुकविली जाते, हे दुर्दैव आहे. पहिल्या वेळी उत्साहाने गेलेले कुटुंब 'सगळे ठीक आहे' एवढे ऐकून घरी येते. मग चतुर्थी येते, घरात लग्नकार्य निघते, सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आतल्या गावातून बस धरून येणे जमत नाही, वेर्णे येथील वसाहतीत रोजावर जाणाऱ्या बाईचा दिवस बुडतो, आणि सहावा महिना उलटल्यावर तपासणी होते. तोवर एक मोठी गोष्ट हातची गेलेली असते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितींतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते आणि चोवीस आठवड्यांनंतर केवळ गर्भातील गंभीर व्यंगासाठी, तेही राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळते. मेंदूची कवटीच तयार झालेली नाही, असे व्यंग अठराव्या आठवड्यात कळणे आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळणे यांत त्या स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या यातनांचे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय व्यंग कळले म्हणजे गर्भपातच, असेही नाही. हृदयाचा काही दोष आधी समजला तर जिथे नवजात बालकांच्या हृदयावर उपचार होतात अशा ठिकाणी बाळंतपण ठरविता येते. दुभंगलेला ओठ असला तर शस्त्रक्रियेने तो चांगला जुळतो, हे आईबापांना जन्माआधीच समजावता येते. मनाची तयारी ही काही लहान गोष्ट नाही.

आणि ही तपासणी निर्दोष झाली म्हणून मूल सर्व बाबतींत निर्दोष असेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मुलाला ऐकू येईल का, दिसेल का, त्याची बुद्धी कशी असेल, हे पडद्यावर उमटत नाही. हृदयातील बारीक छिद्रे, आतड्यांचे काही दोष नंतर प्रकट होतात. 'सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसे झाले?' असा जाब डॉक्टरांना विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. उलट बाजूनेही तसेच. हृदयात पांढरा ठिपका दिसला, मेंदूत लहानशी पाण्याची पिशवी दिसली, अशा नोंदी अहवालात येतात. बाकी सर्व ठीक असताना एकट्याने दिसलेल्या अशा खुणा बहुधा निरर्थक असतात. ती पाण्याची पिशवी तर सामान्यतः आपोआप नाहीशीही होते. परंतु रात्री घरी बसून मोबाइलवर त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ शोधणाऱ्या नवऱ्याला हे कोण सांगणार?

येथे आम्हांस डॉक्टरमंडळींशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. तपासणीच्या खोलीत अंधार असतो, पोटावर थंडगार लेप लावलेला असतो, डॉक्टरांची नजर पडद्यावर खिळलेली असते आणि कोणी बोलत नाही. माप घेताना एकाग्रता लागते, हे आम्ही जाणतो. पण टेबलावर झोपलेल्या स्त्रीला ती शांतता शिक्षेसारखी वाटते. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी ती वाचीत असते आणि तिचा भलता अर्थ लावीत असते. 'मी आता मापे घेणार आहे, थोडा वेळ बोलणार नाही, शेवटी सर्व सांगेन', असे एक वाक्य आरंभी आणि 'हृदय चालू आहे, वाढ वेळेप्रमाणे आहे, अमुक एक पुन्हा पाहावे लागेल', अशी दोन वाक्ये शेवटी, तिला समजेल अशा मराठीत किंवा कोकणीत सांगितली तर किती वेळ जातो? एक मिनिट. त्याऐवजी तिच्या हाती इंग्रजी अहवाल पडतो आणि 'तुमच्या डॉक्टरांना दाखवा' एवढे ऐकू येते. त्या डॉक्टरांची भेट चार दिवसांनी असते. त्या चार रात्री ती कशा काढते, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना ठाऊक आहे. १८४२ साली जिथे पोर्तुगीज अमदानीत वैद्यकीय शाळा निघाली, त्या आपल्या प्रदेशात वैद्यकाने अजून रुग्णाच्या भाषेत बोलावयास शिकावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कायद्याची पाटी जशी स्थानिक भाषेत लावावी लागते, तसा 'या तपासणीत काय पाहतात' हे सांगणारा साधा फलकही प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर असावा, आणि आरोग्य खात्याने तो सक्तीचा करावा, अशी आमची मागणी आहे. नवऱ्याला किंवा आईला आत घ्यावे की नाही, हेही त्या स्त्रीला विचारूनच ठरावे.

पाटीचा विषय निघाला. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी वाचूनही तो प्रश्न विचारणारे संपलेले नाहीत. उघड विचारण्याची सोय नाही, म्हणून 'पेढे आणू की बर्फी?' असे आडवळण घेतात. कित्येकदा विचारणारी व्यक्ती स्वतः आई असते, आजी असते. ऐंशीच्या दशकात मुंबईसारख्या शहरांत गर्भजल परीक्षेचा धंदा उघडपणे, जाहिराती देऊन चालला होता. स्त्री-संघटनांनी आणि काही जाणत्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध रान उठविले, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. संसदेचा कायदा १९९४ चा; तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. एवढे असून २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. वीस वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, त्या ९४६ होत्या. कायदा होऊनही संख्या घसरली! निसर्गतः मुलगे किंचित अधिक जन्मतात, तरीही हजारामागे सुमारे ९५० मुली असावयास हव्यात. त्यांतील ज्या कमी भरल्या, त्या कोठे गेल्या हे सांगावयास नको.

गोमंतकात हाच आकडा २०११ मध्ये ९४२ होता. शेजारच्या मानाने बरा. परंतु १९९१ मध्ये तो ९६४ होता, हे पाहिले तर पाठ थोपटून घेण्याजोगे काही उरत नाही. कुलदेवतेपुढे सुवासिनींची ओटी भरणारा, शांतादुर्गेची पालखी खांद्यावर घेणारा आपला समाज आहे. देवीची उपासना करावयाची आणि घरात येऊ घातलेली मुलगी नाकारावयाची, ही विसंगती आम्हांला केवळ दुःखद वाटत नाही; ती लाजिरवाणी वाटते. या कायद्याखाली लिंग सांगणाऱ्या डॉक्टराला पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अशी तपासणी करून मागणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद असून दंड पन्नास हजारांपर्यंत आहे. कायद्याने आणखी एक शहाणपण दाखविले आहे. गर्भवती स्त्रीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असावा, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यांवर पडतो. आपल्या घरांत खरा निर्णय कोण घेतो, हे कायदा करणाऱ्यांना नीट माहीत होते म्हणावयाचे.

या कायद्यामुळेच तपासणीआधी 'फॉर्म एफ' नावाचा कागद भरावा लागतो. नाव, वय, पत्ता, आधीची मुले किती व कोण, तपासणी कोणत्या कारणासाठी, हे सर्व त्यात येते. गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही, असे निवेदन स्त्रीने सही करून द्यावयाचे असते आणि आपण ते सांगितलेले नाही, असे डॉक्टरांनी. हा कागद भरताना संशयिताप्रमाणे वागविल्याची तक्रार पुष्कळ जण करतात. डॉक्टरांचीही तक्रार आहे की नोंदीतील क्षुल्लक चुकांसाठी त्यांना गुन्हेगार ठरविले जाते. त्यांच्या संघटनेने ती सर्वोच्च न्यायालयात नेली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही. आम्हांला न्यायालयाचे म्हणणे पटते. बंद खोलीत कुजबुजलेल्या एका शब्दाचा पुरावा कधीच मागे राहत नाही. राहतो तो हा कागदच. म्हणून तो पूर्ण आणि खरा भरावा. केवळ हौसेखातर, पोटातल्या बाळाचे गोजिरे छायाचित्र हवे म्हणून तपासणी करण्यासही हा कायदा वाव देत नाही.

सातव्या महिन्यानंतरच्या तपासण्यांविषयी फार सांगावयास नको. मुलाची वाढ, गर्भजलाचे प्रमाण, वारेची जागा आणि मूल डोक्याने आहे की पायाळू, एवढेच त्यांत पाहतात. रक्तदाब असेल किंवा वाढ खुंटल्याचा संशय असेल तर नाळेतील रक्तप्रवाह 'डॉप्लर'ने तपासतात. वार खाली आहे, असे पाचव्या महिन्यात सांगितले तरी घाबरू नये, कारण गर्भाशय वाढतो तशी ती बहुतेक स्त्रियांत वर सरकते. ती अखेरपर्यंत गर्भाशयाच्या तोंडावरच राहिली तर मात्र शस्त्रक्रियेनेच बाळंतपण करावे लागते आणि मधल्या काळात थोडाही रक्तस्राव झाला तर तातडीने रुग्णालयात जावे लागते. मानेभोवती नाळेचा वेढा दिसला म्हणून शस्त्रक्रिया करा, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. जन्मणाऱ्या चारपाच मुलांतील एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. वजनाचा अंदाज शेकडा दहा-पंधराने इकडेतिकडे होतो. तीन किलोचे सांगितलेले मूल अडीचाहून थोडे जास्त किंवा साडेतीनाच्या थोडे आत निघू शकते. पायाळू मूल सातव्या महिन्यात पुष्कळ असतात आणि पुढे आपोआप फिरतात. पायाळू माणसाने पाठीवर पाय दिला की उसण जाते, या समजुतीचे काय करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

एक मात्र विसरू नये. मुलाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, तर पुढची सोनोग्राफी आठ दिवसांवर आहे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी दाखवावे. यंत्र दिवसातून अर्धा तास पाहते. आई चोवीस तास जाणते.

किती वेळा करावी, हा प्रश्न नेहमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चोवीस आठवड्यांच्या आत निदान एकदा प्रत्येक गर्भवतीची तपासणी व्हावी, असे सांगितले. आपल्याकडे तीन किंवा चार होतात आणि गुंतागुंत नसेल तर त्या पुरेशा आहेत. दर महिन्याला सोनोग्राफी केली म्हणजे काळजी अधिक घेतली, असे नव्हे. खर्चाची अडचण असलेल्यांनी सरकारी सोयींचा फायदा घ्यावा. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या, सोनोग्राफीसह, विनामूल्य आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची खास तपासणीही होते. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि लोक अजून ज्यांना आझिलो व हॉस्पिसिओ म्हणतात ती दोन्ही जिल्हा रुग्णालये यांच्या दारी गर्दी असते, हे खरे. म्हणून नोंदणी तिसऱ्या महिन्याच्या आतच करावी आणि वीस आठवड्यांच्या आतल्या तपासणीचा दिवस त्याच वेळी मागून घ्यावा.

जाताना आईने सैल, दोन भागांचे कपडे घालावेत. पहिल्या महिन्यांत पाणी पिऊन, लघवी रोखून येण्यास सांगतात, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि गर्भाशय स्पष्ट दिसतो; नंतरच्या तपासण्यांना सहसा त्याची गरज नसते. उपाशी जाऊ नये. ओळखपत्र न्यावे, शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी आणि विचारावयाचे प्रश्न आदल्या रात्रीच कागदावर उतरवून ठेवावेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते आणि सगळी कागदपत्रे सासरच्या कपाटात राहतात. बाकी काही राहिले तरी चालेल. पहिल्या तपासणीचा कागद तेवढा तिच्या पिशवीत आठवणीने घालावा. माहेरच्या डॉक्टरांना पुढचे सर्व आठवडे त्यावरूनच मोजावयाचे असतात.